वाटेचा सातबारा

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या बोलीत ‘वाट मोडली’ असा एक शब्दप्रयोग आहे. कोणी वाट अडवली किंवा खणून काढली असा त्याचा अर्थ नसतो. गुराखी त्या अंगाला गुरे नेईनासे झाले, खालच्या वाडीतली पोरे एसटीने शाळेत जाऊ लागली, घाटमाथ्यावरच्या गावाशी सोयरीक उरली नाही, एवढे पुरते. दोन-तीन पावसाळ्यांत कारवी आणि घाणेरी दोन्ही बाजूंनी आत सरकतात, एखादा ओहोळ कड खाऊन टाकतो, आणि पुढच्या हिवाळ्यात आलेल्या माणसाला वाट दिसत नाही. सपाटीवरच्या वाटेचे मरण याहून चटकन येते. बांध हातभर सरकतो, तारेचे कुंपण पडते, ट्रॅक्टर एकदा फिरतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट ढेकळांत मिसळते. ही दोन मरणे वेगवेगळी दिसली तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपल्याकडे पायवाट सर्वांची असते, पण तिची दखल घेणे हे कोणाचेच काम नसते. दर शनिवार-रविवारी झुंडीने डोंगराकडे निघणारे ट्रेकिंगचे गट हे या वाटांचे आजचे सर्वांत मोठे आणि सर्वांत संघटित गिऱ्हाईक आहे. वाटेची नोंद आणि वाटेची डागडुजी ही दोन कामे त्यांनी आपली मानली नाहीत, तर ती दुसरे कोणी करणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वी ही कामे होत होती, कारण वाटेला उत्पन्न होते. नाणेघाट हे त्याचे ठसठशीत उदाहरण. सातवाहनांच्या काळातला नागणिकेचा लेख, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, चढावरची दगडी फरसबंदी आणि जकातीशी जोडला जाणारा दगडी रांजण हे सगळे एका पायवाटेच्या काठी आहे. घाटाने माल चढत होता, मालावर जकात बसत होती आणि जकात हवी असेल तर वाट शाबूत ठेवणे भाग होते. घाटपांडे हे आडनावही घाटातल्या जकातीच्या हिशेबाशीच जोडले जाते. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत सह्याद्रीतल्या घाटांच्या याद्या आहेत. कोणत्या घाटाने लादलेला बैल जातो, कोणत्याने फक्त माणूस, हेही त्यांत सांगितलेले आढळते. पुढे १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी वर आली आणि जकातीचा मालच डोंगरातल्या वाटांवरून उतरला. सवत्या घाट, बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, दाऱ्या घाट, आहुपे घाट ही नावे उरली. ती सांभाळण्याचा खर्च कोणाच्या वहीत पडायचा, ती वही बंद झाली.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम २० प्रमाणे जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा कोणा व्यक्तीच्या मालकीच्या नाहीत, त्या राज्य सरकारच्या मालकीच्या आहेत. म्हणजे मालक ठरलेला आहे. पण भांडण झाले की गाडी कलम १४३ वर येते. दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या बांधावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा निवाडा त्याखाली तहसीलदार करतो, आणि तो करताना शेतकऱ्याला शेतात जायला वाजवी वाट हवी, ही गरज लक्षात घेतो. कलम चांगलेच आहे, हजारो शेतकऱ्यांना त्याचा आधार आहे. मात्र त्याखाली दावा करणारा स्वतः जमीनधारक असावा लागतो. नदीवर जाणारी कातकरी बाई, मेंढरे घेऊन उतरणारा धनगर, पलीकडच्या गावच्या शाळेत चालत जाणारे पोर यांची वाट अडली तर या कलमात त्यांना जागा नाही. मामलेदार न्यायालयांचा १९०६ चा कायदा वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढायला मामलेदाराला अधिकार देतो. पण तोही शेती, चराई, झाडे अशा वापराच्या जमिनीपुरता, आणि अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल केला तरच. जी वाट वर्षातून दोन महिनेच वापरात असते, तिच्यावर कुंपण पडल्याचे कळेपर्यंत मुदत टळून गेलेली असू शकते.

या सगळ्यात खरी मौज गाव नकाशात आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा गाडीमार्ग त्यावर तुटक दुबार रेषेने दाखवतात आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने. गाडीमार्गाची रुंदी १६½ ते २१ फूट, पायमार्गाची ८¼ फूट. सव्वाआठ फूट! एवढ्या रुंदीची शाबूत पायवाट आज कोणत्या गावच्या शिवारात दाखवता येईल? बरे, ही तुटक रेषा स्वतंत्र भूमापन क्रमांक नसते. ती कोणाच्या तरी गटातून जाते आणि त्या गटाच्या सातबाऱ्यावर तिचा उल्लेख असतोच असे नाही. शेतावर जाण्याच्या आतल्या वाटा तर नकाशावर दाखवलेल्याच नाहीत. परिणाम असा की शहरातला कोणी दोन एकर घेतो, सातबारा तपासतो, त्यावर वाट नसते; तो कुंपण घालतो आणि गाव त्याच्यावर तुटून पडते. त्याने लबाडी केलेली नसते, गावही खोटे बोलत नसते. नकाशा एक सांगतो, उतारा दुसरे सांगतो आणि वहिवाट तिसरेच. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचा निर्णय केला, तो या गोंधळाची कबुलीच होय. पण त्याचा सगळा रोख तीन-चार मीटर रुंदीच्या, यंत्र जाईल अशा रस्त्यावर आहे. पायाने चालायची वाट त्यातूनही निसटली.

जंगलातली स्थिती आणखी नाजूक. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २५ प्रमाणे राखीव जंगलातली सार्वजनिक वाटसुद्धा वनाधिकारी शासनाच्या पूर्वमंजुरीने बंद करू शकतो. अट एवढीच की दुसरी पुरेशी सोयीची वाट असावी, आणि ती पुरेशी सोयीची आहे की नाही हे ठरवणारे पुन्हा शासनच. जी वाट कुठेच लिहिलेली नाही, ती बंद करायला एवढाही सोपस्कार लागत नाही.

या बाबतीत इंग्लंडची हकीकत तपशिलाने पाहण्याजोगी आहे, कारण ती आपण ऐकतो त्याहून निराळी आहे. ऐकतो ती गोष्ट १९३२ ची. २४ एप्रिलला मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो कामगार तरुण जमीनदाराची मनाई मोडून चढले, वीस वर्षांचा बेनी रॉथमन त्यांचा म्होरक्या होता, पाच जणांना तुरुंगवास झाला. गोष्ट रोमहर्षक आहे आणि खरीही. पण त्या वेळी पदभ्रमण करणाऱ्यांच्या प्रस्थापित संघटनांना ही चढाई पसंत नव्हती, आणि पायवाटा वाचल्या त्या मुख्यतः दुसऱ्याच, कंटाळवाण्या कामामुळे. मँचेस्टरमध्ये पुरातन पायवाटांच्या रक्षणासाठी मंडळ निघाले ते १८२६ साली, म्हणजे किंडरच्या शंभर वर्षे आधी. वीस वर्षे अखंड वापर असेल तर वाट सार्वजनिक मानावी, असा कायदा १९३२ मध्येच झाला, आणि त्यामागे कित्येक वर्षांची अर्जविनंत्यांची चिकाटी होती. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला तिच्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करणे बंधनकारक झाले. त्या नकाशावर वाट एकदा चढली की ती आहे याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. पेरणीसाठी शेतामधली वाट नांगरली तर शेतकऱ्याला ती चौदा दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत.

एवढे करूनही नकाशा अपुराच होता. २००० सालच्या कायद्याने जुन्या, न नोंदलेल्या वाटांवर दावा सांगायला १ जानेवारी २०२६ ही मुदत घातली. तेव्हा ‘रॅम्ब्लर्स’ या १९३५ पासूनच्या संस्थेने हजारो स्वयंसेवकांना जुने आणि नवे नकाशे शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहायला बसवले. सारा देश एक-एक किलोमीटरच्या चौकोनांत वाटून दिला होता. २०२० च्या अखेरीस आकडा जाहीर झाला: ४९,००० मैलांहून अधिक वाटा नोंदीतून सुटलेल्या. हे काम करणारे वकील नव्हते, की मोजणीदार. ते रविवारी चालायला जाणारे लोक होते. मुदतीबद्दल तिथल्या सरकारांनी पुढे पुन्हा पुन्हा विचार बदलला, काउंट्यांकडे पैसे नाहीत, अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, हेही खरे. पण कोणत्या वाटा हरवल्या याची यादी तरी आता आहे. इंग्रजांनी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून वीस वर्षांच्या वहिवाटीचे तत्त्व इकडे आणले. पायवाटांचा नकाशा मात्र आणला नाही. आणणार कसा, तो त्यांच्याकडेच १९४९ साली आला, तोवर ते इथून गेले होते.

यावर एक आक्षेप लगेच येतो. इंग्लंडातल्या पोटभरल्या लोकांचा छंद आणि आपल्या खेड्यांची गरज यांची तुलना कशाला? खेड्याला पायवाट नको आहे, डांबरी रस्ता हवा आहे. पायवाटेचे कौतुक शहरातल्या माणसाला. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर नेता आली नाहीत, बचावपथके भर पावसात चिखलाच्या चढाने चालत पोचली आणि माती हातांनी उपसावी लागली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. धड वाट असती म्हणून दरड थांबली नसती, हे उघड आहे. पण त्या रात्री सबंध सरकारी यंत्रणेला एका पायवाटेवर अवलंबून राहावे लागले, आणि ज्या वाड्यांना रस्ता अजून आलेला नाही त्या रोजच तिच्यावर अवलंबून असतात. रस्ता येईल तेव्हा येवो. तोवर पायवाट हीच त्यांची सार्वजनिक सोय आहे. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेची भाषा मात्र शेत आणि पाणंद रस्त्यांची आहे, पायवाटेची नाही. छंद आणि गरज यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचेही कारण नाही. इर्शाळगडावर जाणारे ट्रेकर याच वाडीतून वर जात होते. स्वित्झर्लंडने १९७९ मध्ये सार्वमत घेऊन पायवाटांची तरतूद थेट राज्यघटनेत घातली. तिथे सुमारे ६५,००० किलोमीटरच्या खुणा केलेल्या वाटा आहेत आणि त्यांवरून गावकरी नि पाहुणे दोघेही चालतात.

आता ट्रेकर मंडळींचा हिशेब मांडू. तो फारसा जमेचा नाही. आपला हंगाम जून ते सप्टेंबर, म्हणजे माती सर्वांत ओली, सर्वांत सैल असते तेव्हाचा. महाबळेश्वरासारख्या घाटमाथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. नागमोडी वाटेची वळणे कापून पन्नास जण सरळ उतरले की त्या रेषेत गवत उपटले जाते, पहिल्याच सरीला तिथून पाणी धावते आणि दुसऱ्या वर्षी तिथे घळ तयार असते. चिखल टाळायला लोक बाजूने चालतात म्हणून वाट रुंद होते, रुंद झाली की आणखी चिखल. प्लॅस्टिकबद्दल इतके बोलले गेले आहे की त्यात भर घालत नाही. प्लॅस्टिक उचलता येते, वाहून गेलेला मुरूम परत आणता येत नाही. गर्दीही मोजक्या जागांवर लोटते: कळसूबाई, हरिहर, देवकुंड. जून २०२४ अखेरीस भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेल्यावर पुणे जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. मनाई हे प्रशासनाचे एकमेव हत्यार असते, कारण वाटेची जबाबदारी घेणारा दुसरा पक्ष समोर नसतो. दर जुलैत पन्हाळ्याहून मसाई पठारावरून कुंभारवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी करत पावनखिंडीपर्यंत महाराष्ट्रभरचे गट चालतात. काही टप्पे आता डांबरी झाले असले तरी ती वाट जिवंत आहे, कारण १६६० ची आठवण आणि दरवर्षीची पावले तिला मोडू देत नाहीत. ज्या वाटेवरून कोणी बाजीप्रभू गेला नाही, जिने फक्त मीठ आणि भात चढले-उतरले, तिचा वाली कोण?

अनुभवी भटक्यांचा आक्षेप नेमका उलटा आहे, आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणतात, वाट नकाशावर आली की गर्दी आली. आडवाटा आडवाटाच राहू द्या, जाणत्यांनी जाणत्यांना सांगाव्यात. एखाद्या धबधब्याचे भ्रमणध्वनीवरचे एक चलच्चित्र काय करू शकते हे पाहिल्यावर ही भीती खोटी म्हणवत नाही. पण वाटेची जाहिरात आणि वाटेची नोंद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि सातबाऱ्यावर चढलेली वाट पाहून कोणी गर्दी करत नाही. उलट गुपित ठेवलेली वाट दोन्हीकडून मरते: गर्दी नाही म्हणून मोडते आणि पुरावा नाही म्हणून कुंपणात जाते. जाणत्यांची पिढी सरली की गुपितही सरते. शिवाय गर्दी पाच-सहा जागांवर कोंबली जाण्याचे एक कारण हेही आहे की बाकीच्या पन्नास वाटांची खात्रीलायक माहिती सामान्य माणसाला कुठेच मिळत नाही.

शेतकऱ्याची तक्रार याहून साधी आणि जास्त न्याय्य आहे. अनोळखी टोळके शेतातून जाते, कणसे तोडते, बांध तुडवते, रात्री तीनला बॅटऱ्या पाजळत कुत्र्यांना उठवते आणि वाट विचारायला म्हणून घर जागे करते. त्यात त्याला हक्काची भाषा ऐकवली तर तो कुंपण घालणारच. म्हणूनच नोंद त्याच्याही हिताची आहे. नोंदलेली वाट ही एक रेषा असते: ती सोडून आत येण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही. आज रेषा नसल्यामुळे सगळे शेतच वाट होते. आणि बांधाच्या वादात पिढ्या घालवलेल्या शेतकऱ्याला वाटेचे मोल शहरातल्या कोणी समजावायला नको. त्याच्या गावात बैठक होईल तेव्हा पाहुण्यांनी मागे बसावे आणि पुढे गावच्या म्हाताऱ्यांना बोलू द्यावे, एवढे भान मात्र हवे.

राहिला सरकारी कामाचा धाक. नोंद झाली की निधी येईल, निधी आला की सिमेंटच्या पायऱ्या, लोखंडी कठडे आणि कमानी येतील. हे घडलेले अनेक ठिकाणी दिसते. त्यावर उपाय म्हणजे माफक काम आधी करून दाखवणे. डोंगरातल्या वाटेचा शत्रू पाणी. चढावर ठरावीक अंतराने वाटेला तिरकी दगडांची ओळ पुरून पाणी उताराच्या अंगाला काढून दिले, खचलेल्या कडेला जागचेच दगड कोरडे रचून आधार दिला, वळण कापणाऱ्या शॉर्टकटच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकल्या, तर बहुतेक वाटांना सिमेंट लागत नाही. नाणेघाटाच्या फरसबंदीतही सिमेंट नाही. किल्ल्यांवरची टाकी उपसणारे, तटावरची झुडपे काढणारे दुर्गसंवर्धनाचे गट महाराष्ट्रात कित्येक वर्षे राबत आहेत. अंगमेहनतीला माणसे मिळत नाहीत, असे म्हणता येणार नाही. त्यांचे काम गडाच्या दरवाजाशी सुरू होते. ते पायथ्याच्या वाडीपासून सुरू व्हावे, इतकाच बदल हवा. आणि मोठ्या कामातही चालणाऱ्याचा विचार होऊ शकतो. पंढरपूरच्या पालखी मार्गांचे चौपदरीकरण ठरले तेव्हा कडेने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायमार्गाची योजना करावी लागली. महाराष्ट्रातला सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा चालणारा समुदाय दरवर्षी त्याच वाटेने जातो, त्याला डावलून रस्ता आखता येत नाही. ट्रेकिंगच्या गटांपाशी ती श्रद्धा नाही, ती संख्याही नाही. सातत्य मात्र त्यांना ठरवून आणता येईल.

म्हणून सांगणे आहे ते अशा गटांच्या म्होरक्यांना. यंदाच्या हिवाळ्यात नवा गड शोधण्याऐवजी एक गाव घ्या आणि त्या गावच्या वाटा पाच वर्षांसाठी आपल्या समजा. गावचा नकाशा आणि गॅझेटियरातली घाटांची यादी घेऊन, गावातल्या एखाद्या गुराख्याला त्याची रोजची मजुरी देऊन बरोबर न्या, प्रत्येक तुटक रेषा पायाखाली घाला. वाट कुठे शाबूत आहे, कुठे मोडली, कुठे अडली हे फोनमधल्या जीपीएसने टिपा. वाटेला गावात जे नाव आहे तेच लिहा. स्वतः बारसे करू नका. पावसाळ्यानंतर एक रविवार दगड लावायला ठेवा. आणि हे सगळे कागद गावकऱ्यांच्या हाती द्या, कारण ठराव ग्रामसभेने करायचा आहे. दिवाळीनंतरची पहिली ठरलेली ग्रामसभा सहसा २६ जानेवारीला असते. गाव नकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून मिळते.